तालीम

'तालीम' या एका शब्दावरून आमच्या घरात एकदा मोठा घोटाळा झाला होता. साल १९८७. धाकटा तेव्हा चौदा वर्षांचा. शाळेतून आला, दप्तर पडवीत टाकले आणि अम्मीला म्हणाला, "अम्मी, उद्यापासून मी तालमीला जाणार." अम्मीला तालीम म्हणजे शिक्षण एवढेच ठाऊक. नापास होण्यात हयात घालवू पाहणारा आपला पोरगा स्वतःहून तालमीचे नाव काढतो आहे, हे ऐकून तिने तिथल्या तिथे पदर सावरून दुआ मागितली. संध्याकाळी शेजारच्या दोन घरी खिरीच्या वाट्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी धाकटा घरी आला तो डोक्यापासून पायापर्यंत लाल मातीने माखून. एक कान सुजून वाटाण्यासारखा लालबुंद. अम्मी बघतच राहिली. आम्ही तिघे थोरले पोट धरून हसलो. आपा म्हणाली, "अम्मी, झाली बघ तालीम सुरू!"

अरबीतला हा शब्द आपल्याकडे मदरशात गेला आणि कोल्हापुरात आखाड्यात गेला. उस्तादाचेही तसेच. मराठीने त्याच्या मागे एक व लावला आणि तो वस्ताद झाला. पैलवान फारसीतून आला. धाकट्याला हे सारे कळायचे कारण नव्हते, पण त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला तो घरी कधी वस्ताद म्हणे, कधी उस्ताद, आणि दोन्हीत त्याला काही फरक वाटत नसे.

आमचे गाव जिते. पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडले की जित्याला थांबते, मग हमरापूर आणि मग पेण. स्टेशन एवढेसे, की नवखा माणूस उतरायचे विसरतो. एका बाजूला मुंबई-गोवा रस्ता, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि तिच्यापलीकडे खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या जमिनी. वस्ती बहुतेक आगरी समाजाची. आमची घरे मोजकीच. हा कुस्तीचा मुलूख नव्हे. इथला खेळ कबड्डी. माती इथली चिकट, आणि चार महिने पाऊस असा, की हौद्याचा तलाव व्हावा. तरीही चैत्र-वैशाखात आजूबाजूच्या गावांच्या जत्रा भरल्या की कुस्त्यांचे फड लागत. आधी पोराटोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग पितळेच्या कळशीवरच्या, मग रोख इनामाच्या. हलगी वाजू लागली की भातखाचरांतून माणसे धावत येत.

धाकट्याच्या डोक्यात हे वेड शिरले ते मात्र जत्रेत नव्हे, खोपोलीत. १९८० साली महाराष्ट्र केसरीची कुस्ती खोपोलीला होती. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव अजून कुलाबाच होते. अब्बा आम्हा सगळ्यांना पेणहून एस.टी.ने घेऊन गेले. आपा मुलगी म्हणून घरी राहणार होती, पण ती रडून रडून आलीच. धाकटा सात वर्षांचा, अब्बांच्या खांद्यावर. आम्हाला त्या दिवसाची धूळ आठवते, माणसांच्या पाठी आठवतात, अब्बांनी घेऊन दिलेल्या भज्यांचा कागद आठवतो. कुस्ती आमच्यापैकी फक्त धाकट्याने पाहिली, कारण उंचावर तोच होता. त्या वर्षी महाराष्ट्र केसरी झाला इस्माईल शेख. परतीच्या गाडीत अब्बा ते नाव पुन्हा पुन्हा घेत होते, जणू आमच्याच भावकीतला कुणी जिंकला होता. धाकटा झोपेत पाय झाडत होता.

आम्हाला पुढे कळले की तो पाय झाडत नव्हता, पट काढत होता.

वस्ताद आगरी. तरुणपणी घाटावर कुठल्याशा गिरणीत होते, तिथे कुस्ती शिकलेले. गावी परतल्यावर मारुतीच्या देवळामागे त्यांनी पंधरा फुटांचा हौदा खणला. माती घाटावरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने आणून टाकली. तीत ताक, तेल, हळद आणि लिंबू पिळून ती मळायची, हे काम नव्या पोरांचे. धाकट्याने सहा महिने नुसती माती मळली. पहिल्याच दिवशी आमच्या नात्यातल्या एकाने कुरकुर केली की मारुतीच्या मागे आपला मुलगा कशाला? अब्बा म्हणाले, "तो मागे आहे ना, पुढे नाही ना?" विषय तिथेच मिटला. धाकटा हौद्यात उतरताना वाकून चिमूटभर माती घेई, कपाळाला लावी आणि बिस्मिल्ला म्हणे. वस्तादांनी त्याला कधी हटकले नाही.

खाशाबा जाधवांचे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले ते या वस्तादांच्याच तोंडून. शाळेच्या पुस्तकात तेव्हा ते आम्हाला भेटले नव्हते. पावसाळ्यात हौदा झाकलेला असे. तेव्हा वस्ताद आमच्या पडवीत बसून काळा चहा पीत आणि बोलत.

कराडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे गाव. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत हा सर्वांत धाकटा. (हे ऐकताना आमचा धाकटा कान टवकारी.) अंगाने आडदांड नव्हे, पण चपळ असा की हातात सापडू नये. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला, बेचाळीसच्या चळवळीत निरोप पोचवले, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आला. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनच्या ऑलिंपिकला गेला. जन्मभर मातीत लढलेला हा मुलगा तिथे पहिल्यांदा मॅटवर उभा राहिला. मातीत वेळेला बंधन नसते, पाठ लागली की निकाल. मॅटवर घड्याळ असते, गुण असतात, पंचाची शिटी असते आणि पायाखालची जमीन वेगळीच असते. तरी तो फ्लायवेट गटात सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकी. निवडीतच अडथळे आले. त्यांतून पार पडले तर प्रवासाचे पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली. दुकानदारांनी काही दिले. तरीही पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

इथे वस्ताद थांबत. चहाचा घोट घेत आणि आमच्याकडे न बघता म्हणत, "पोरगा त्यांचा नव्हता. विद्यार्थी होता."

पुढचे सगळे जगाला ठाऊक आहे. ५७ किलो वजनाचा बँटमवेट गट. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानचा शोहाची इशिई सुवर्ण घेऊन गेला. रौप्य गेले सोव्हिएत संघाकडून लढणाऱ्या बाकूच्या रशीद ममदबेयोवकडे. इशिईशी झुंजल्यावर विश्रांती न देताच खाशाबांना रशीदसमोर उभे केले आणि त्यांच्या बाजूने बोलायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूचे ऑलिंपिकमधले पहिले पदक. त्यानंतर दुसरे यायला १९९६ साल उजाडले. परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले.

आमच्या पडवीत ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की अम्मीलाही पाठ झाली. ती खर्डेकरांना 'तो घरवाला मास्तर' म्हणे.

१९९३ साली धाकटा वीस वर्षांचा झाला. पेणपासून पनवेलपर्यंतच्या जत्रांत त्याच्या वजनात त्याला हरवणारा उरला नव्हता. एके दिवशी वस्ताद नेहमीच्या वेळी न येता सकाळीच आले. चहाही घेतला नाही. म्हणाले, "माझ्याकडचं संपलं. आता याला कोल्हापूरला धाडा. तीन वर्षं. तालमीत जागा मी बघतो. खुराकाचं तेवढं तुम्ही बघा."

खुराक म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पैलवान आहे त्यालाच कळते. दूध, तूप, बदाम, मटण, फळे. एका पैलवानाचा खुराक म्हणजे चार माणसांचा संसार. आमच्या घराची अवस्था अशी, की आदल्या वर्षी अब्बांना लकवा झालेला, आपाच्या लग्नाचे कर्ज अर्धे शिल्लक, मोठा एका गोदामात हिशेब लिहीत असे आणि मधला पेणला एका दुकानात कपडा मोजत असे. त्या रात्री आम्ही तिघे बसलो. आपा रोह्याहून मुद्दाम आली होती. आम्ही सगळा हिशेब मांडला. धाकट्याला विचारले नाही. तो त्या वेळी विहिरीवर पाणी भरत होता. राहाटाचा आवाज आमच्या बोलण्याच्या मधेमधे येत होता, हे आम्हाला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी आमच्यातला मोठा वस्तादांना म्हणाला, "वस्ताद, खर्डेकर बॅरिस्टर होते. त्यांना पगार होता. आमच्याकडे घराशिवाय काय आहे? ते गहाण टाकून तीन वर्षांनी हा गुडघा मोडून आला तर?" वस्ताद काही बोलले नाहीत. मान हलवली आणि गेले.

महिन्याभरात नात्यातल्या एकाने जिद्दाहून निरोप धाडला की गोदामात माणसे हवी आहेत, व्हिसा निघेल. एजंटाला चाळीस हजार द्यायचे होते. ते आम्ही पेणच्या एका पतपेढीतून उभे केले. तारण म्हणून काय दिले, हे सांगायला आजही जड जाते. घर दिले. जे कोल्हापूरसाठी गहाण टाकता येत नव्हते, ते जिद्दासाठी आले. त्या वेळी आम्हाला यात काहीच विसंगत वाटले नाही. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत मुलगा परदेशी जाणे म्हणजे भात पिकण्याइतके स्वाभाविक. आधी जहाजावर जात, मग आखातात. त्याला कुणी जुगार म्हणत नाही. कुस्तीला म्हणतात.

धाकट्याने एका शब्दानेही विरोध केला नाही. निघण्याच्या दिवशी लंगोट धुऊन मागच्या दारी वाळत टाकला आणि तो तसाच ठेवून गेला. अम्मीने तो घडी करून पेटीत ठेवला.

एकोणीस वर्षे तो तिकडे होता. त्याच्या पैशाने गहाण सुटले, अब्बांचे औषधपाणी झाले, आपाचे कर्ज फिटले, मातीच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, कौलांवर स्लॅब आली. आमच्या मुलांच्या फिया गेल्या. वस्ताद वारले तेव्हा तो तिकडेच होता. फोनवर आम्ही सांगितले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मिनिटाला किती रियाल जातात हे आमच्या मनात येऊन गेले. हेही लिहिलेच पाहिजे.

सुट्टीवर आला की तो जिद्दाच्या गोष्टी सांगे. त्यातली एक आमच्या मनात घर करून राहिली आहे. त्याच्या गोदामाच्या गल्लीत एका तुर्की माणसाचे सलून होते. आरशावर एका रुंद मानेच्या, टक्कल पडत चाललेल्या पैलवानाचा फोटो. धाकट्याचे मोडलेले कान बघून तो न्हावी खूश झाला आणि तोडक्यामोडक्या अरबीत फोटोतल्या माणसाची कहाणी सांगू लागला. यासर दोगू. तिकडचे लोक यशार दोउ असे काहीतरी म्हणतात. काळ्या समुद्राकाठच्या सामसुन प्रांतातल्या खेड्यातला. याच १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, जिथे आपले खाशाबा पहिल्यांदा मॅटवर चाचपडत होते, तिथे फ्रीस्टाइलच्या ७३ किलो गटात त्याने सुवर्णपदक घेतले. तुर्कस्तानने त्या वेळी कुस्तीत सहा सुवर्णपदके नेली. सरकार इतके खूश झाले की त्याने पैलवानाला घर बक्षीस दिले. आणि घर घेतले म्हणून तो धंदेवाईक ठरला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडू लढू शकत. १९५१ साली हेलसिंकीत ८७ किलो गटात तो जगज्जेता झाला, पण १९५२ साली त्याच हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्याला उतरता आले नाही.

एकाला जाता यावे म्हणून एक घर गहाण पडले. दुसऱ्याला घर मिळाले म्हणून त्याचे जाणे राहिले. धाकटा हे सांगताना हसत होता. आम्हाला हसू आले नाही.

पण न्हाव्याची गोष्ट तिथे संपत नव्हती. त्याच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच होती. लढणे बंद झाले तेव्हा यासर दोगू शिकवू लागला. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. १९५५ साली संघाबरोबर स्वीडनमध्ये असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. तरी त्याने कुस्ती सोडली नाही. ८ जानेवारी १९६१ रोजी अंकारात तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. आज त्याच्या नावाने तुर्कस्तानात आंतरराष्ट्रीय कुस्तीस्पर्धा होते आणि आपले भारतीय मल्लही तिथे जातात. न्हावी म्हणे की सुवर्णपदक सहा जणांनी आणले, पण आमच्या घराघरात फोटो त्याचा आहे, कारण तो शिकवायला उरला.

खाशाबांच्या वाट्याला हे पुरतेपणी आले नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. खात्यात त्यांनी क्रीडाप्रशिक्षणाचेही काम केले, पण एक ऑलिंपिकवीर पूर्ण वेळ मॅटवर उभा राहून पोरे घडवतो आहे, असे चित्र महाराष्ट्राला बघायला मिळाले नाही. बढतीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, निवृत्त होताना सहायक पोलीस आयुक्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीच्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले ते २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी. आपल्याकडे नाव देण्यात उशीर होतो, पण मन मोठे असते!

गणपतराव आंदळकरांचे वेगळे. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, १९६४ साली टोकियोचे ऑलिंपिक, आणि मग २०१८ साली जाईपर्यंतचे आयुष्य कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीशी बांधलेले. त्यांच्या हाताखालून किती पोरे गेली याचा हिशेब कुणी ठेवला असेल असे वाटत नाही. वस्तादाच्या कामाची वही नसते. पोरगा जिंकला की फोटोत पोरगा असतो, हरला की लोक वस्तादाचे नाव विचारतात.

२०१२ साली धाकटा कायमचा परतला. एकोणचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, साखर लागलेली. आम्हाला वाटले, दुकान टाकेल, रिक्षा घेईल. पहिल्या आठवड्यात त्याने अम्मीची पेटी उघडून लंगोट मागितला. अम्मी तेव्हा होती. तिने काढून दिला. उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. दुसऱ्या महिन्यात तो ठाण्याहून एका बंद पडलेल्या व्यायामशाळेचे जुने मॅट टेंपोत घालून घेऊन आला. घराच्या मागे पत्र्याची शेड टाकली. फाटलेल्या जागी रेक्झिनचे तुकडे शिवले. देवळामागचा हौदा केव्हाच बुजला होता. त्यातली दोन पाट्या माती त्याने उकरून आणली आणि शेडच्या दाराशी एका कुंडीत ठेवली. पोरे आत शिरताना तिला हात लावतात. कुणी कपाळाला लावते, कुणी नुसताच.

त्याची शिकवण्याची रीत बघायला आम्ही संध्याकाळी खुर्च्या टाकून बसतो. नव्या पोराला तो पंधरा दिवस नुसते पडायला शिकवतो. पाठीवर पड, कुशीवर पड, हात न टेकता पड. पोरे कंटाळतात. तो म्हणतो, "पडायला येत नाही तो उभा राहायला घाबरतो." मग वाकून उभे राहणे. मातीतला पैलवान ताठ उभा राहून मानेला हात घालतो. मॅटवर तसा उभा राहिलास तर समोरचा पाय उचलून नेतो. एकेरी पट, दुहेरी पट, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. हे त्याला कुणी शिकवले नाही. मोबाइलवर जपान्यांच्या आणि इराण्यांच्या कुस्त्या थांबवून थांबवून बघतो आणि दुसऱ्या दिवशी पोरांवर करून बघतो. पावसाळ्यात मॅटला बुरशी धरते, पोरांना नायटा होतो. मग हा वस्ताद बादलीत औषध घालून गुडघ्यांवर बसून सगळे मॅट पुसत बसतो. जिद्दाला गोदाम पुसले, इथे मॅट पुसतो, असे तोच म्हणतो. फी घेत नाही. दूध मात्र रोज कुठल्या ना कुठल्या पोराच्या घरून येते.

२०१७ साली त्याने शेडच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे एक कात्रण चिकटवले. खाशाबांच्या नावाने गोळेश्वरला कुस्तीचे संकुल व्हावे, ते होत नाही, म्हणून त्यांच्या कुटुंबाने ऑलिंपिकचे पदकच लिलावात काढायचे ठरवले, अशी ती बातमी. आम्ही ती वाचली. आपाने दोनदा वाचली. पदकासाठी घर गहाण पडले होते, आता पोरांना शिकायला घर हवे म्हणून पदक विकायला निघाले होते. आपा म्हणाली, "म्हणजे हिशेब अजून चालूच आहे." कात्रण पिवळे पडले आहे. धाकट्याने ते अजून काढलेले नाही.

२०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य घेतले आणि खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या एखाद्या खेळाडूला स्वतःचे ऑलिंपिक पदक मिळाले, असे सगळीकडे छापून आले. त्याच पॅरिसमध्ये हरियाणाच्या अमन सेहरावतने फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्य घेतले, तेही ५७ किलोत. शेडमध्ये बारा-पंधरा पोरे एका मोबाइलभोवती गोळा झाली होती. धाकटा मागे उभा होता. "खाशाबांचंच वजन," एवढेच म्हणाला.

त्या पोरांत एक आहे. त्याचे नाव आम्ही लिहीत नाही. हमरापूरच्या बाजूच्या गावातला. त्याची आई गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना रंग देते, तिच्या नखांतला रंग कधी जात नाही. बाप नाही. पोरगा सोळा वर्षांचा, बोलत नाही, नुसता बघतो आणि बघितलेले करतो. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत दोन वर्षे पहिला. गेल्या महिन्यात धाकट्याने आम्हाला सांगितले की कोल्हापूरच्या एका तालमीत त्याला घ्यायला तयार आहेत. मेस आणि खुराक मिळून वर्षाला दीड-दोन लाख. निदान दोन वर्षे. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "माझ्यापलीकडचं आहे. माझ्याकडचं संपलं."

हे वाक्य आम्ही आधी ऐकलेले होते. त्याला ते आठवत असावे की नाही, कुणास ठाऊक. ते बोलणे झाले तेव्हा तो घरात नव्हता.

घर अब्बांनंतर आम्हा चौघांच्या नावावर आहे. कर्जाला चौघांच्या सह्या लागतात. गेल्या रविवारी आम्ही बसलो. आपा रोह्याहून दुपारच्या गाडीने आली. तिचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून खालच्या खोलीतच सतरंजी घातली. अम्मी नाही, अब्बा नाहीत. या वेळी धाकटा समोर बसला होता. कागद मधोमध ठेवलेले. ग्रामपंचायतीचा उतारा, गहाणखताचा मसुदा, पतपेढीचा अर्ज.

आमच्यातला मोठा हिशेब लिहिणारा. त्याने चष्मा लावला आणि सगळे वाचले. मग तेच विचारले जे तेव्हा विचारले होते, "गुडघा मोडला तर?"

"मोडू शकतो," धाकटा म्हणाला.

"पोरगा पुढे पैसे परत करील?"

"तो कशाला करील? मी करीन. नाही झालं तर माझा हिस्सा घ्या, भाई."

त्याचा हिस्सा! आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले नाही, पण डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. या खोलीच्या विटा, वरची स्लॅब, दाराची कडी, खिडकीचे गज, यातले काय त्याचे नव्हते? कागदावर चौथा हिस्सा लिहिलेला होता. मधला उठून बाहेर गेला आणि उगाच अंगणातल्या नळाची तोटी घट्ट करून आला.

आपाने विचारले, "त्याची आई काय म्हणते?"

"तिला भीती वाटते. परवा आली होती. म्हणाली, दुसऱ्याचं घर आमच्या पोरापायी नको."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी खर्डेकरांची गोष्ट सांगितली."

आपा हसली. "तिला तरी पटली का?"

"नाही," धाकटा म्हणाला. "म्हणाली, ते मोठे लोक."

मागच्या शेडमधून पोरांचे आवाज येऊ लागले होते. चार वाजून गेले होते, मॅट अंथरायची वेळ. धाकट्याचे लक्ष तिकडे लागले. तो अर्धवट उठला, पुन्हा बसला. आपाने कागद स्वतःकडे ओढले, पदराने चष्मा पुसला आणि कुठे करायची ते बोटाने दाखवायला सांगून पहिली सही केली. तिची सही अजून अब्बांनी शिकवली तशीच आहे, मोठ्या गोल अक्षरांत. मग मधल्याने केली. मोठ्याने शेवटी केली, आणि करताना एकदा वाचलेले पान पुन्हा वाचले.

"जा," आपा धाकट्याला म्हणाली, "पोरं खोळंबलीत."

तो गेला. आपाची परतीची गाडी सहाला होती. तोवर आम्ही मागच्या दारी खुर्च्या टाकल्या आणि बसलो. नवी तीन पोरे आली होती. तो त्यांना पडायला शिकवत होता.